पोरांची कबड्डी बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर

मैदानवाला मास्तर
काल आपल्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं : "बारा वर्षांखालच्या पोराला कबड्डी-कुस्ती खेळू देणं म्हणजे त्याचं म्हातारपण आत्ताच विकणं. अमेरिकेत हे सिद्ध झालं आहे." वाचून रात्रभर झोप आली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी सतरा वर्षं पोरं खेळवतो आहे. तुम्ही ज्या अमेरिकेचा दाखला देता, तिथल्या अमेरिकन फुटबॉलमध्ये डोक्यावर डोकं आदळणं हे रोजचंच आहे. २०१७ च्या अभ्यासात व्यावसायिक लीगच्या १११ खेळाडूंचे मेंदू तपासले आणि ११० जणांत सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून मेंदू झिजण्याचा आजार) निघाला, हे खरं. पण ते मेंदू दिले कोणी? बहुतेक अशा घरच्यांनी, ज्यांना आधीच शंका होती. तो आकडा उचलून आमच्या चढाईवाल्याला कसा लावता? आमच्याकडे घोटा धरतात, मांडी धरतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ मध्ये बर्लिनला हा खेळ दाखवला. तेव्हापासून किती पिढ्या खेळल्या असतील! आणि मैदानावर असतं तेवढा वेळ पोरगं तंबाखूच्या खर्ऱ्यापासून लांब राहतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

वणीची सिस्टर
पोस्ट माझी होती. "विकणं" हा शब्द जास्त झाला, तो मागे घेते. बाकी एक अक्षरही नाही.

सर, घोटा धरल्यावर पोरगं पडतं कुठं? कवटी फुटली नाही, पोरगं बेशुद्ध पडलं नाही, म्हणजे काही झालं नाही, हाच आपला घात आहे. मार बसला की मेंदू कवटीच्या आत हिसका खातो. सीटी स्कॅन बहुतेक वेळा साफ येतो. आणि ज्यानं साधी चक्करही येत नाही, असे बारके मार वर्षानुवर्षं साठत जातात. १९२८ मध्ये डॉ. मार्टलँड यांनी हे मुष्टियोद्ध्यांबद्दल लिहून ठेवलं. २००२ मध्ये डॉ. बेनेट ओमालू यांनी पिट्सबर्गमध्ये अमेरिकन फुटबॉलपटू माइक वेब्स्टरचा मेंदू तपासला, तेव्हा टाऊ प्रथिनाचे साठे, म्हणजे याच आजाराची खूण, दिसले. जिवंत माणसात याचं पक्कं निदान अजून होत नाही, म्हणून गावात कोणाला झालं नाही असं कोणीच सांगू शकत नाही.

माझा भाऊ तेरा वर्षांचा होता. रात्रीचा सामना, डॅश (अंगानं दिलेला जोराचा धक्का) बसला, मागे डोकं आपटलं. मंडपामागे जाऊन ओकला. "गरमी झाली" म्हणून डोक्यावर पाणी ओतलं आणि दहा मिनिटांत परत उतरवला. परत पडला. पुढं दोन महिने त्याला पुस्तकातली ओळ सापडत नव्हती. आठवीतच शाळा सुटली. आज चौतीस वर्षांचा आहे, उन्हात गेला की डोकं धरून बसतो. कबड्डीनंच झालं हे मी कागदावर दाखवू शकत नाही. पण ती दहा मिनिटं मी विसरू शकत नाही.

कास्तकार पोट्टा
ताई, पडते ते मुरमावर पडते, हे कोणी लिहून नाही राह्यलं. आमच्या इथं पह्यले माती खोदत, ढेकळं फोडत, चाळून पाणी मारत. मंग कोण्या योजनेत मुरूम आला, रोलर फिरला, फोटो निघाले. आता पोट्टं पडलं का सडकेवर पडल्यासारखं. मेंदूचं अमेरिकेले काय इचारता, आपल्या मैदानाले इचारा.

माजी सदस्य
मुरूम काहून टाकला तेही सांग ना. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय घोट्यापर्यंत जात होता. पंधरा ऑगस्टले लेकरं चिखलात उभी राहत, तवा तुमीच बोंबलत होते. दरसाल माती चाळाले मजुरी कोण देईन?

कास्तकार पोट्टा
एक कोपरा मातीचा ठेवता आला असता का नाही? पण तुमचं पोरगं नागपूरले शिकते, त्याले कुठं पडाचं हाय इथं!

माजी सदस्य
घरावर जाऊ नको. माह्या पोराचा हात याच मैदानावर मोडला, तवा तू इथं नव्हता. चार सह्या जमवाले सांगतलं होतं, एकही आला नाही.

वणीची सिस्टर
भाऊ, माती मऊ असली तरी डॅशचा हिसका बसतोच. कोणाचा गुडघा, कोणाचा खांदा डोक्याला लागतोच. मुरूम उचला, पण त्यानं माझा मुद्दा संपत नाही.

फिजिओ, यवतमाळ
दोघांचंही अर्धंच आहे. ग्लासगोचा २०१९ चा अभ्यास बघा. जुन्या व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये (अमेरिकन नाही, आपला पायानं खेळायचा फुटबॉल) मेंदू झिजण्याच्या आजारांनी होणारे मृत्यू इतरांपेक्षा साधारण साडेतीन पट निघाले. त्याच लोकांत हृदयविकारानं मरणारे मात्र कमी. म्हणून खेळ कोणी बंद केला नाही. अमेरिकेच्या याच फुटबॉलच्या (सॉकरच्या) संघटनेनं २०१५ मध्ये दहा वर्षं आणि खालच्या मुलांचं हेडिंग, म्हणजे डोक्यानं चेंडू मारणं, थांबवलं, इंग्लंडनं २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडिंग नको म्हटलं. खेळ तोच ठेवून डोक्याचे मार कमी केले.

मैदानवाला मास्तर
ठीक आहे. बारा वर्षांखालच्यांना सरावात डॅश नाही, फक्त हात-पाय सोडवणं आणि डुबकी (वाकून पकडीखालून निसटणं). डोक्याला लागलं तर त्या दिवशी बाहेर. पण ताई, एका भावाच्या गोष्टीवरून साऱ्या तालुक्याची मैदानं ओस पाडायला मी तयार नाही.

वणीची सिस्टर
ओस पाडा असं आता मीही म्हणत नाही. पण "त्या दिवशी" पुरत नाही. डोकेदुखी, चक्कर, झोपेतला फरक पूर्ण जाईपर्यंत बाहेर. मग आधी शाळा, मग धावणं, पकड शेवटी. आणि लागल्यावर ओकला, झोपाळला, डोकेदुखी वाढत गेली तर थेट दवाखाना.

मैदानवाला मास्तर
फायनल असली, अन पोरगं स्वतःच म्हणालं मला काही झालं नाही, तर?

वणीची सिस्टर
माझा भाऊ हेच म्हणाला होता.

मैदानवाला मास्तर
बरं. फायनललाही बाहेर.

कास्तकार पोट्टा
अन मुरूम? रविवारी माहा ट्रॅक्टर मोकळा हाय.

माजी सदस्य
ठराव लागते. सह्या आण, मी सचिवाशी बोलतो.