मदत हवी आहे: रबाळे एमआयडीसीतल्या छोट्या ऑफिसचे कॉम्प्युटर सुरक्षित कसे ठेवायचे?

नमस्कार मंडळी, रबाळ्याला आमचं पॅकेजिंगचं युनिट आहे. ऑफिसात सात कॉम्प्युटर, एकावर टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर). अकाउंट्सच्या ताई डोंबिवलीहून रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे घरूनच इंटरनेटवरून ते मशीन उघडून, त्यावर काम करतात.

मध्यंतरी नेहमीच्या सप्लायरच्या नावाने मेल आला: ‘बँक खातं बदललंय, पेमेंट इकडे करा.’ लेटरहेड तेच, सही तीच. फक्त ईमेल पत्त्यात ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून बसलेले (rn, घाईत m च वाटतं). ताईंनी जुन्या नंबरवर फोन लावला म्हणून पैसे वाचले. 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन माहीत आहे, पण पैसे गेले नसतील तरी तक्रार करावी का?

आता धास्ती रॅन्समवेअरची, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची. जून 2017 मध्ये नॉटपेट्या नावाच्या तसल्याच व्हायरसने आपल्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीचं टर्मिनल ठप्प केलं होतं, तिथे आमची काय कथा!

रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटला उघडा ठेवायचा नाही हे कळतंय. पण व्हीपीएनसाठी (इंटरनेटवरून ऑफिसपर्यंतचा सुरक्षित खासगी मार्ग) वेगळा फायरवॉल (नेटवर्कच्या दारावरचं पहारेकरी यंत्र) घ्यावाच लागेल, की स्वस्तात भागेल? टॅलीचा बॅकअप रोज पेन ड्राइव्हवर होतो, पण तो कायम मशीनलाच खोचलेला. व्हायरस आला की तोही गेला. दोन हार्ड डिस्क आलटून पालटून वापरून एक घरी न्यावी का? तीन मशीन अजून विंडोज 10 वर आहेत, त्याचा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्येच संपला. एएमसीवाल्याला (वार्षिक देखभालीचं कंत्राट असलेल्याला) काहीही विचारा, उत्तर एकच: ‘अँटिव्हायरस आहे ना साहेब!’

ठाणे-बेलापूर पट्ट्यात कुणी खात्रीचा नेटवर्कवाला असेल तर इनबॉक्स करा.