प्रतिसाद: डेन्मार्कमधील पत्त्यांची खुली माहिती
सरकारी माहिती फुकट दिली तर महसूल बुडेल, ही या चर्चेत व्यक्त झालेली शंका रास्त आहे, पण डेन्मार्कचा अनुभव तिच्या नेमका उलट आहे. तेथे २००२ साली देशभरातील पत्त्यांची अधिकृत माहिती सर्वांसाठी खुली झाली. पत्ता म्हणजे केवळ रस्त्याचे नाव आणि घरक्रमांक नव्हे, तर त्या घराचा नकाशावरील नेमका बिंदू. त्यामुळे रुग्णवाहिका, नगरपालिका, टपालखाते आणि दिशादर्शक यंत्रे बनवणाऱ्या कंपन्या एकाच नोंदीवर विसंबू लागल्या आणि तीच माहिती पुनःपुन्हा गोळा करण्याचा खर्च वाचला. २००५ ते २००९ या काळात सुमारे ६.२ कोटी युरोंचा थेट लाभ झाला, तर खर्च सुमारे २० लाख युरो होता, असे तेथील अधिकृत अभ्यासाने २०१० मध्ये मांडले. मला हा आकडा फार बोलका वाटतो. याउलट ब्रिटनमध्ये २०१३ साली रॉयल मेल या सरकारी टपाल कंपनीच्या खासगीकरणाबरोबर पत्त्यांची यादीही खासगी मालकीत गेली, आणि पुढच्याच वर्षी तेथील संसदीय समितीने त्यावर कडक टीका केली. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमांत पत्त्यांना उच्चमूल्य माहितीसंचात, म्हणजे सर्वांना मोफत खुल्या ठेवायच्या सरकारी माहितीच्या यादीत, स्थान दिले, ते म्हणूनच योग्य झाले.