मदत हवी आहे: क्लॅटला आठवडा उरलाय, लेकीची धडधड थांबत नाही

नमस्कार. माझी मुलगी बारावीला आहे, येत्या रविवारी तिची क्लॅट, म्हणजे कायद्याच्या पदवीची प्रवेश परीक्षा. मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर, यांपैकी एका विधी विद्यापीठात जायचंय तिला. अभ्यास मनापासून केलाय, त्याबद्दल मला शंका नाही. पण घरी सराव पेपर छान सोडवते आणि क्लासच्या हॉलमध्ये बसली की हात गार पडतात, एकच उतारा पुन्हापुन्हा वाचत राहते. १२० प्रश्न, १२० मिनिटं, त्यात चूक झाली की ०.२५ गुण वजा. या वजाबाकीच्या धास्तीने येणारे प्रश्नही सोडून देते.

पेपर दुपारी २ ते ४. ती रात्री जागून अभ्यास करणारी, दुपारी तिला हमखास पेंग येते. झोपेची वेळ आत्ताच बदलावी का? त्या दिवशी जेवण किती वाजता द्यावं? माझ्या मते हे चालू घडामोडींच्या आणखी एका पीडीएफपेक्षा महत्त्वाचं आहे, पण ती ऐकत नाही.

ज्यांनी किंवा ज्यांच्या मुलांनी ही परीक्षा दिलीय त्यांना विचारते: शेवटचा सराव पेपर किती दिवस आधी सोडवला? ओएमआर उत्तरपत्रिकेवरचे गोळे उताऱ्यागणिक भरले की शेवटी एकदम? आणि हॉलमध्ये डोकं बधिर झालं तर तिथल्या तिथे काय करायचं? ‘घाबरू नकोस’ सांगून झालंय, त्याने ती जास्तच घाबरते.