कोर दुप्पट म्हणजे वेग दुप्पट नव्हे

कॉम्प्युटरच्या प्रोसेसरमध्ये ८ ऐवजी १६ कोर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) घेतले की काम निम्म्या वेळात होईल, असं वाटू शकतं. तसं होत नाही. कामाचा १० टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर एका कोरच्या तुलनेत ८ कोरवर वेग साधारण ४.७ पट, १६ वर ६.४ पट, कितीही कोर जोडा, १० पटीच्या पुढे नाहीच. कॉम्प्युटर डिझाइन करणारे जीन अॅमडाल यांनी हा मुद्दा १९६७ मध्येच मांडला होता. दिंडोरीत द्राक्षतोडणीला माणसं वाढवली, पण वजनकाटा एकच असला, तर क्रेट काट्यापाशीच तुंबतात ना! आमच्या ऑफिसात हिशेबाचं सॉफ्टवेअर रखडायचं, तेव्हा टास्क मॅनेजर (कोणता कोर किती कामात आहे ते दाखवणारी विंडोजमधली सोय) उघडून बघितला: एक आलेख वर टेकलेला, बाकीचे सात तळाशी. तिथे एका कोरचाच वेग जास्त हवा होता. व्हिडिओ रेंडरिंग (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल तयार करणं) करणार असाल तर मात्र १६ कोर जरूर घ्या, ते काम बरंचसं कोरांमध्ये वाटता येतं.