दोन प्रोसेसमध्ये एकच ग्राफिक्स बफर शेअर करतोय, सल्ला हवा

विश्रामबागकर: नमस्कार मंडळी, मी सांगलीचा, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. लिनक्सवर एक प्रोसेस ओपनजीएलने चित्र काढते, दुसरी ते एममॅप करून (ती मेमरी स्वतःला जोडून घेऊन) वाचते, मध्ये कॉपी नको म्हणून लिनियर बफर (ओळीमागून ओळ पिक्सेल ठेवलेली मेमरी) डीएमए-बफने, म्हणजे कर्नलच्या बफर शेअर करायच्या सोयीने, दिलाय. १९२०×१०८० ला सगळं व्यवस्थित, पण माझ्या जुन्या लॅपटॉपच्या १३६६×७६८ ला चित्र तिरकं येतंय, प्रत्येक ओळ थोडी सरकलेली. मधूनच अर्धवट फ्रेम दिसते, जीएलफिनिश (काढायचं काम पूर्ण होईपर्यंत थांबवणारा कॉल) टाकलं की ते जातं पण स्पीड पार बसतो, आणि मेमरी तर वाढतच चाललीय. सोमवारी डेमो आहे, प्लीज कोणीतरी सांगा.

अजिंक्यतारा: भावा, तिरकं म्हणजे स्ट्राइडच, म्हणजे मेमरीत एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर. पिक्सेलला ४ बाइट, तर १३६६ गुणिले ४ म्हणजे ५४६४ बाइट, पण ग्राफिक्स कार्डाला ओळ २५६ च्या पटीत लागत असेल तर ती ५६३२ ची होते, म्हणजे दर ओळीला ४२ पिक्सेलचा फरक. १९२० ला ७६८० होतात, ते बरोबर २५६ च्या तीसपट, म्हणून तिथं चूक दिसलीच नाही. रुंदीवरून हिशोब करूच नको, जीबीएम (बफर बनवून देणारी लायब्ररी) जी स्ट्राइड सांगतं तीच एफडीसोबत (बफरच्या फाइल डिस्क्रिप्टरसोबत) पाठव.

विश्रामबागकर: दादा खरंच ४२ पिक्सेलच सरकत होतं! मोजलं आत्ता. तिरकं गेलं.

मिरजवाला: मेमरीचं मी सांगतो. तू दर फ्रेमला नवा बफर करून एफडी पाठवतोस ना? सॉकेटवरून (दोन प्रोसेसमधल्या जोडणीवरून) गेलेली एफडी समोरच्याकडे वेगळी उघडते, ती त्यानेच बंद करायची, आणि मॅप केलं असेल तर तेही काढायचं. आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात (जमिनीखालच्या कोठारात) हळद जागेवरच आहे आणि नुसत्या चिठ्ठ्या फिरतायत असं समज, एक जरी चिठ्ठी कुणाच्या खिशात राहिली तरी पेव रिकामं करता येत नाही. त्यापेक्षा सुरुवातीलाच तीन बफर कर, एफडी एकदाच दे आणि नंतर फक्त ०, १, २ असा नंबर पाठवत जा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा बदल हाच आहे. पुढं कधी प्राइमने (एफडीवरून बफर ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये घ्यायची सोय) इम्पोर्ट केलंस तर एक लक्षात ठेव, तोच बफर दोनदा इम्पोर्ट केला तरी जीईएम हँडल (ड्रायव्हरने त्या बफरला दिलेला नंबर) एकच मिळतं आणि त्याची मोजणी कर्नल ठेवत नाही, एकदा बंद केलं की दोन्हीकडचं गेलं, मी यात आख्खा आठवडा घालवलाय.

अजिंक्यतारा: आणि अर्धवट फ्रेमसाठी जीएलफिनिश काढ. तू सीपीयूने वाचतोयस, तिथं जीपीयूचं (ग्राफिक्स कार्डाचं) काम संपेपर्यंत आपोआप कोणी थांबत नाही. वाचायच्या आधी डीएमए-बफचा सिंक आयओसीटीएल (कर्नलला करायचा कॉल) स्टार्ट, वाचून झाल्यावर एंड, त्यात फेन्सची (जीपीयूचं काम संपल्याच्या खुणेची) वाट पण बघितली जाते आणि कॅशचं पण सांभाळलं जातं. फक्त नंबर पाठवायच्या आधी जीएलफ्लश कर, नाहीतर काम कार्डाकडे गेलेलंच नसतं आणि वाट कशाची बघणार. वाचणाऱ्याने ‘झालं’ म्हणून नंबर परत पाठवल्याशिवाय त्या बफरवर पुन्हा काढायचं नाही.

विश्रामबागकर: हा परतीचा मेसेज माझ्यात नव्हताच! आज रात्री तीन बफरवालं करतो, कॉलेजच्या मशीनवर पण चालवून बघतो आणि इथंच सांगतो.