फेस मारलेल्या हेडवर नवा इनटेक मॅनिफोल्ड बसत नाहीये, भोकं वर राहतात

सीटेन_७२ (मिशिगन)

नमस्कार मंडळी. गाडी १९७२ ची शेवरले सी-१० पिकअप, इंजिन ३५० स्मॉल ब्लॉक. हेड मूळचेच आहेत, कास्टिंग नंबर ३९९८९९३, चेंबर ७६ सीसीचे. कॉम्प्रेशन वाढावं म्हणून दोन्ही हेडचे फेस ४० थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मारून, म्हणजे मशीनवर तासून घेतले आणि इनटेक पोर्ट थोडे मोकळे केले. हेड बसवून टॉर्क करून झाले. आता वर एडलब्रॉक परफॉर्मर २१०१ हा नवा इनटेक मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरमधून हवा-पेट्रोल हेडपर्यंत नेणारा भाग) ठेवला, तर त्याची भोकं हेडच्या आट्यांपेक्षा वर राहतात. दोन्ही बाजूंना सारखीच, पाऊण-एक मिलिमीटर. काही बोल्ट जेमतेम आटे धरतात, बाकीचे तिरके जातात. शेजारचा गोरा म्हणतो, गोल कानस घे आणि भोकं लांबट कर, सगळे तेच करतात.

हेडचं पॅकिंग आधी पत्र्याचं होतं, आता ४१ थाऊचं कंपोझिट घातलंय. काय करू?

व्हॉल्व्हकाका (ह्यूस्टन)

आधी कानस खाली ठेव.

पुढच्या-मागच्या कडांना कॉर्कच्या पट्ट्या लावून बघितलंस का? त्या काढ आणि मॅनिफोल्ड पुन्हा ठेवून बघ. कधी कधी त्या पट्ट्याच त्याला उचलून धरतात आणि माणूस मशीन शॉपला शिव्या देत बसतो.

तरीही भोकं वरच राहिली तर पुढे वाच. व्ही-८ मध्ये हेड ४५ अंशात तिरकं बसतं. फेस मारला की ते खाली येतं तसं आतही सरकतं. दोन्ही हेड एकमेकांकडे सरकले की मधली जागा अरुंद होते आणि मॅनिफोल्ड पाचरीसारखा वरच अडकतो. स्मॉल ब्लॉकसाठी हिशोब ठरलेला आहे: हेड जेवढं सरकलं त्याच्या १.२३ पट माल मॅनिफोल्डच्या प्रत्येक बाजूच्या फेसवरून काढायचा. मग मॅनिफोल्ड १.७१ पट खाली बसतो.

पण तुझा आकडा मला पटत नाही. पत्र्याचं पॅकिंग धर १५ थाऊ. तू घातलंस ४१ चं, म्हणजे हेड २६ थाऊ परत वर उचललंस. ४० मधून २६ गेले, उरले १४. एवढ्याशा फरकाला मॅनिफोल्डच्या भोकांतली मोकळीक पुरते. तुझा एक मिलिमीटर आला कुठून? मला वाटतं ब्लॉक आधीच कुणीतरी मारलेला आहे. ड्रायव्हरच्या सीटवरून उजवीकडच्या हेडच्या पुढे ब्लॉकचा छोटा सपाट ओटा बाहेर डोकावतो. त्यावर इंजिनचा नंबर ठोकलेला असतो. चिंधीने पूस आणि सांग काय दिसतं.

सीटेन_७२

कॉर्क काढून पाहिलं, फरक नाही. काका, ओटा गुळगुळीत आहे! नंबर नाही, काही नाही, नुसत्या कटरच्या बारीक रेघा. हेड उघडे होते तेव्हाचे फोटो आत्ता काढून बघितले. पिस्टन टॉपला असताना पट्टी ठेवून तपासलं होतं, डेकच्या, म्हणजे ब्लॉकच्या वरच्या फेसच्या, अगदी बरोबरीला आहे.

व्हॉल्व्हकाका

सापडलं मग. कंपनीतून निघालेल्या ३५० मध्ये पिस्टन साधारण २५ थाऊ खाली राहतो, डेक हाईट (क्रँकच्या मध्यापासून डेकपर्यंतची उंची) ९.०२५ इंच. पिस्टन त्याच उंचीचे असतील तर ब्लॉकमधून २५ गेलेत. १४ आणि २५ मिळून ३९. प्रत्येक बाजूला ४८ थाऊ काढायचे आणि मॅनिफोल्ड ६७ थाऊ खाली येणार, म्हणजे अर्ध्या सुतापेक्षा किंचित जास्त. तुझं एक मिलिमीटरही या हिशोबात बसतं.

भोकं लांबट केलीस तर बोल्ट लागतील, पण आडवे दाबले जातील. रेंच टक् करेल आणि पॅकिंग दाबलेलंच नसेल. मग पोर्टच्या खालून लिफ्टरच्या बाजूने (मॅनिफोल्डच्या खालच्या, तेल उडणाऱ्या पोकळीतून) तेल ओढलं जातं, बाहेर शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही, नुसते प्लग काळे होतात. तपासायचं तर इंजिन चालू ठेवून पीसीव्ही (इंजिनमधली वाफ ओढून घेणारा व्हॉल्व्ह) काढून बंद कर, ब्रीदर बुजव आणि तेल भरायच्या तोंडावर तळहात ठेव. हात आत ओढला गेला तर गळती तिथेच आहे.

भोसरी_मिलिंग (पुणे)

काकांच्या हिशोबाला आक्षेप नाही. पण मी हेडचाच इनटेक फेस मारला असता. उद्या मॅनिफोल्ड बदलला तर नवीन सरळ बसतो. शिवाय दादा, दोन्ही हेड सारखे मारलेत का? एकाचा ३५ आणि दुसऱ्याचा ४० झालेला मी इथे टेबलावर पाहिलाय. कोनात मारलेला असेल तर वरचा गुणाकार चालणारच नाही, मग ब्लू (खुणेची निळी शाई) लावून फेस कुठे टेकतो ते बघावं लागेल.

व्हॉल्व्हकाका

भोसरीकरांचं बरोबर, पण याचे हेड टॉर्क होऊन बसलेत. काढले की कंपोझिट पॅकिंग कचऱ्यात. शिवाय हात घसरला तर मॅनिफोल्ड बाजारात दुसरा मिळतो. दोन्ही बाजू एकाच सेटिंगमध्ये मारायला सांग. आणि पोर्ट जुळवायचा मोह झाला तर मॅनिफोल्डचं तोंड हेडपेक्षा मोठं करू नकोस. लहान राहिलं तर चालतं, मोठं झालं की हवेला पायरी लागते.

कॉर्क टाकून दे, काळ्या सिलिकॉनची पाव इंची रेघ ओढ. कडा ब्लॉकला टेकत असतील तरच खालून मार.

सीटेन_७२

मारून आणला. दोन्ही हेड सारखेच निघाले. बाराच्या बारा बोल्ट चिमटीत धरून फिरले, मधून सुरू करत बाहेर २५ फूट-पाउंडवर आणले. पुढच्या-मागच्या कडांना फट शिल्लक आहे.

आता नवीन भानगड: डिस्ट्रिब्युटर बसवला तर कॉलर मॅनिफोल्डला टेकत नाही, कागदाएवढी फट राहते.

व्हॉल्व्हकाका

मॅनिफोल्ड ६७ थाऊ खाली आलाय, डिस्ट्रिब्युटरही तेवढाच खाली गेला. त्याचं खालचं टोक तेलाच्या पंपाच्या दांडीवर टेकतंय. तसाच आवळलास तर गिअर आणि पंप दोन्ही खाईल. खाली जाडसर पॅकिंग घाल, नाहीतर सरकत्या कॉलरचा डिस्ट्रिब्युटर मिळतो तो घे. दांडीला वर-खाली थोडी मोकळीक हाताला जाणवली पाहिजे, तोवर क्लँपला हात लावू नकोस.