नागपूरच्या लिनक्स सर्व्हरवरचं क्यूजीआयएस गावातल्या विंडोजवर उघडत नाही

काळीमाती:
राम राम भाऊ लोक. गावच्या नाल्याच्या पाणलोटाचा नकाशा करून राहिलो, एमटेकचा प्रोजेक्ट आहे. डेटा अन क्यूजीआयएस (नकाशे करायचा प्रोग्रॅम) नागपूरच्या उबंटू लिनक्स सर्व्हरवर, अन मी इकडं आर्वीजवळ, विंडोज 10 चा लॅपटॉप, 4 जीबी रॅम. पुट्टीनं (विंडोजवरून दूरच्या सर्व्हरवर जायचा प्रोग्रॅम) लॉगिन होते, सगळ्या कमांड चालतात, पण क्यूजीआयएस टाकलं का "कॅनॉट ओपन डिस्प्ले" म्हणते अन बंद. सर्व्हरवर एक्स सर्व्हर (लिनक्सच्या खिडक्या स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्रॅम) टाकावा लागते का? तिथं मले सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे हक्क, नाही. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं.

दारव्हेकर:
भाऊ, एक्स सर्व्हर तिकडं नाही, तुझ्या लॅपटॉपवर पाहिजे. स्क्रीन, माउस, कीबोर्ड ज्याच्या हातात तो सर्व्हर, अन प्रोग्रॅम त्याचा क्लायंट, 1984 मध्ये एमआयटीत एक्स बनलं तेव्हापासून असंच आहे. मी पण पहिल्यांदा उलटंच समजलो होतो.
व्हीसीएक्सएसआरव्ही (विंडोजवरचा एक्स सर्व्हर) टाक, त्यातलं एक्सलाँच उघड, मल्टिपल विंडोज घे, डिस्प्ले नंबर 0. "डिसेबल अ‍ॅक्सेस कंट्रोल"ला हात लावू नको, ते टिक केलं तर त्याच नेटवरचा कोणीही तुझ्या स्क्रीनपर्यंत पोचू शकते. मग पुट्टीत एसएसएच (सर्व्हरशी सुरक्षित जोडणी) याच्या खाली एक्स11 मध्ये फॉरवर्डिंगवर टिक कर, म्हणजे तिकडची खिडकी तुझ्याकडं येते, डिस्प्ले लोकेशनमध्ये लोकलहोस्ट:0 टाक, अन परत सेशनवर येऊन सेव्ह दाब, नाहीतर पुढच्या वेळी टिक गेलेलं असते.
नवीन लॉगिन करून डिस्प्ले व्हेरिएबल (खिडकी कुठं दाखवायची तो पत्ता) बघ, लोकलहोस्ट:10.0 असं काही दिसलं तर बरोबर. ते हातानं सेट करू नको, एसएसएच स्वतः करते. रिकामं आलं तर अ‍ॅडमिनला विचार, एसएसएचडीच्या (सर्व्हरवरचा एसएसएचचा प्रोग्रॅम) कॉन्फिगमध्ये एक्स11 फॉरवर्डिंग यस आहे का अन एक्सऑथ (डिस्प्लेच्या परवानगीची किल्ली सांभाळणारा प्रोग्रॅम) टाकलेलं आहे का.

काळीमाती:
झालं भाऊ!! आधी एक्सक्लॉक लावून पाह्यलं, ते गोल घड्याळ माझ्या विंडोजच्या खिडकीत आलं तेव्हा लई बरं वाटलं. पण क्यूजीआयएसमध्ये मेनू दाबला का तो चित्रासारखा हळूहळू उमटते, अन संध्याकाळी नेट गेलं तर क्यूजीआयएसच बंद, नाल्याच्या काठाकाठानं काढलेली सगळी रेघ गेली, सेव्ह नव्हती केली.

वणीची_ताई:
अरे दादा, हॉटस्पॉटवर एक्स11 फॉरवर्डिंगनं क्यूजीआयएस चालवून जीव काढू नको. एकेका क्लिकपायी दोन्हीकडून निरोपांच्या कितीतरी येरझारा होतात, कॉम्प्रेशन लावलं तर डेटा कमी जातो पण येरझारा तेवढ्याच. अन एसएसएच तुटलं की प्रोग्रॅमचा डिस्प्लेच जातो, म्हणून तो मरतो.
अ‍ॅडमिनला एक्सटूगो (दूरच्या लिनक्सचा स्क्रीन आपल्याकडं दाखवणारा प्रोग्रॅम) याचा सर्व्हर टाकायला सांग. तुझ्याकडं फक्त क्लायंट लागतो, विंडोजच्या क्लायंटमध्ये एक्स सर्व्हर सोबतच येतो. सेशन टाइपमध्ये सिंगल अ‍ॅप्लिकेशन घे, पूर्ण डेस्कटॉप ओढू नको. सेशन सर्व्हरवर जिवंत राहते. आमच्याकडं भर दुपारी लाइन गेली, राउटर बंद, रात्री परत जोडलं तर शेताची अर्धी काढलेली हद्द तशीच, कर्सर पण तिथंच.

दारव्हेकर:
ताईचं ऐक. मी ऑफिसच्या लॅनवरून (आतल्या जलद नेटवर्कवरून) चालवतो म्हणून मले त्रास नाही होत.

काळीमाती:
अ‍ॅडमिन सरांना आत्ताच मेल टाकला ताई. तोवर दर दहा मिनिटांनी सेव्ह करून राहिलो.